वीस गुंठे रान

रिटायर व्हायला सात महिने उरले तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की उपकेंद्राच्या क्वार्टरची किल्ली परत केल्यावर मी कुठं जाणार हे मला स्वतःलाच माहीत नाही. चौतीस वर्षं नर्स म्हणून नोकरी केली. किनवटच्या डोंगरात सुरुवात, मग कंधार, मग अहमदपूरकडं, शेवटी परत कंधार तालुक्यात. दर ठिकाणी सरकारी क्वार्टर, दोन खोल्या, वर गळकं छत. माझे मालक खाजगी शाळेत शिक्षक होते, त्यांच्याकडं ना शेत ना घर. ते गेले त्याला आठ वर्षं झाली. लेक पुण्यात असते. तिनं लगेच सांगून टाकलं, आई, इकडंच ये, सहाव्या मजल्यावर काय वारं येतं म्हणून सांगू. मी म्हटलं, वाऱ्यावर राहायला मी काय पतंग आहे का? ती दोन दिवस फोनवर आली नाही.

मला जमिनीवरचं घर पाहिजे होतं. दार उघडलं की पाय मातीत पडला पाहिजे. दोन खोल्या, पुढं अंगण, एक लिंबाचं झाड, त्याखाली बाज, आणि मागं चार वाफे मेथी-कोथिंबिरीचे. जन्मभर दुसऱ्यांच्या घरात बाळंतपणं केली, आता एका घरात आपलं म्हणून बसावं, एवढंच. ही हौस म्हणा किंवा हट्ट म्हणा. माझ्या हट्टाबद्दल तीन तालुक्यांत कुणालाही विचारा.

नांदेडात प्लॉट बघायला गेले आणि भाव ऐकून तशीच एसटीत बसून परत आले. मोठ्या रस्त्याच्या कडेचं रान तर विचारूच नका. तिथले शेतकरी आता तुमच्याकडं मान वर करून बघतही नाहीत. मग एका एजंटानं मला मोटारसायकलवर बसवून एक रान दाखवलं. सिस्टर, लोकेशन बघा, म्हणाला. लोकेशन झकास होतं, फक्त तिथवर जायला दुसऱ्याच्या बांधावरून जावं लागत होतं. मी म्हटलं, मेल्यावर मला इथून कुठून नेणार, तेवढं सांगा. त्यानंतर त्यानं माझा फोन घेतला नाही, आणि मीही शोधाचं काम माझ्या हातात घेतलं.

माझी बघायची पद्धत वेगळी. ज्या गावातून पावसाळ्यात अडलेली बाई बाजेवर घालून ओढ्यापलीकडं आणावी लागली होती, ती सगळी गावं पहिल्याच दिवशी बाद. राहिलेल्या गावांत गेले की आधी पोरांचे दात बघायची. दातांवर तपकिरी डाग असले की त्या गावचं पाणी हाडाला चांगलं नाही, मग रान फुकट मिळालं तरी नको. आणि चौकशी करायची ती बायकांकडं. रान विकायचं घाटत आहे हे गावातल्या गड्यांना कळायच्या महिनाभर आधी बायकांना कळलेलं असतं. ज्यांच्या पोरांना मी डोस पाजले होते त्या बायका आता सासवा झाल्या होत्या. त्या चहा ठेवायच्या, मला खाली बसवायच्या आणि सगळ्या शिवाराची खबर सांगायच्या.

असंच कंधारच्या अलीकडं एक गाव सापडलं. तिथं एक म्हातारा-म्हातारी राहत होते. दोन्ही पोरं हैदराबादला जाऊन तिकडचीच झाली होती. घराला खेटून त्यांचं रान, डांबरी सडक अगदी जवळ, हापशाचं पाणी गोड. मला त्यातले वीस गुंठे पाहिजे होते. वीस गुंठ्यांच्या खाली जिरायती रानाची रजिस्ट्री होत नाही, आणि वीसच्या वर जायची माझी ऐपत नव्हती. म्हातारा भावासाठी जरा ओढाताण करायला लागला तर म्हातारीनंच त्याला गप्प केलं. तिला शेजार पाहिजे होता, आणि तो बीपी तपासणारा शेजार होता. तिनं माझ्या हातावर साखर ठेवली. आम्ही दोघींनी मिळून रानात दगड मांडून दोन खोल्या आखल्या. स्वयंपाकघराची खिडकी कुठं यावी ह्यावरून आमचं थोडं भांडणही झालं.

कागद करायला म्हणून मी कंधारच्या कचेरीबाहेरच्या अर्जनवीसाकडं गेले. दस्त लिहिणारा म्हातारा माणूस, आता कॉम्प्युटरवर लिहितो पण चष्मा तोच जुना, एका बाजूला दोरा बांधलेला. त्यानं नाव-गाव लिहून घेतलं आणि मग माझा सातबारा मागितला. मी म्हटलं, माझा कशाला, विकणाऱ्याचा आहे की. तो म्हणाला, शेतजमीन घेणाराही शेतकरीच लागतो. मला हसू आलं. अहो, बारा एकराच्या घरातली लेक आहे मी, लोहा तालुक्यातली. कापूस वेचलाय, ज्वारी काढलीय, उन्हाळ्यात शेण वाहिलंय डोक्यावर. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, आज तुमच्या नावावर किती आहे? मी म्हटलं, भावाला हक्कसोड करून दिलं.

त्यानं चष्मा काढला. "सिस्टर, ती सही केली त्या दिवशी तुम्ही शेतकरी ऱ्हायल्या न्हाईत."

बाबा गेले त्याच्या दुसऱ्या महिन्यात ती सही झाली होती. आम्ही दोघंच भावंडं. भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, नुकतं लग्न झालेला, आणि एवढ्या रानाचं एकट्यानं कसं करावं ह्या फिकिरीत पार वाळून गेलेला. तो काहीच म्हणाला नव्हता. मीच पुढं झाले. मला नोकरी आहे, ह्यांना नोकरी आहे, मला काय करायचंय रान? आमच्याकडं रीतच आहे. बहिणीनं सही करायची, भावानं साडी-चोळी करायची, आणि मग पंचमीला, दिवाळीला बहिणीनं ताठ मानेनं माहेरी यायचं. मी हसत हसत सही केली. कागदावर राजीखुशीनं असं लिहिलं होतं, हे मला नंतर कळलं. मी शिकलेली बाई, लोकांना औषधाच्या बाटलीवरचं वाचून घ्या म्हणून रागावणारी, आणि तो कागद मी वाचलाच नाही. गावातल्या बायका म्हणाल्या, बहीण असावी तर अशी. खरं सांगते, त्या कौतुकावर मी कैक वर्षं काढली.

अर्जनवीसाच्या टपरीतून बाहेर पडले तेव्हा मला सगळ्यांचाच राग आला होता. त्याचा, कायद्याचा, सहीनंतर भावानं नेसवलेल्या त्या हिरव्या साडीचा. तसा त्यानं मार्ग सांगितला होता. भावानं घरातल्या घरात वीस गुंठ्यांचं बक्षीसपत्र करून दिलं आणि तुमचं नाव लागलं, की पुढचं सोपं. त्याच्यासाठी सोपं. मागणारी बहीण आमच्याकडं माहेराला मुकते. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे. हिस्सा मागितला म्हणून जिच्या बाळंतपणाला माहेरचं कुणी फिरकलं नाही, अशा बाईच्या उशाशी मी रात्रभर बसलेली आहे. घर पाहिजे तर मागावं लागणार, आणि मागितलं तर माहेर जाणार.

शेवटी मीच एक हिकमत काढली. नुसतं कागदापुरतं मागायचं. माझं नाव लावून घ्यायचं, कंधारचं रान घ्यायचं, आणि भावाचं भावाला परत लिहून द्यायचं. असं मागितलं तर ते मागणं होत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊन माहेरी गेले.

घरी भाऊ आणि वैनी दोघंच असतात. त्यांचा पोरगा चाकणला कंपनीत आहे. वैनी माझ्यापेक्षा लहान, पण आमच्याकडं भावाची बायको ती वैनीच. पहिल्या दिवशी मी भावाचा बीपी बघितला, गुडघा बघितला, मीठ कमी खा म्हणून रागावले. दुसऱ्या दिवशी वैनीबरोबर डाळ निवडली. शब्द तोंडाशी यायचा आणि मी भलतंच काहीतरी विचारायची, म्हशीचं दूध किती निघतं वगैरे. दूध किती निघतं हे मी त्या दिवशी तीनदा विचारलं. वैनी माझ्याकडं बघायची आणि परत डाळीत मान घालायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला मी एका दमात बोलून टाकलं. "मला वीस गुंठे पाहिजेत. कागदापुरते. कंधारला घरापुरतं रान घ्यायचंय, त्याला माझ्या नावावर शेत लागतं. माझं काम झालं की तुझं तुला परत करते."

भावानं कप खाली ठेवला. मग उठून खांद्यावर रुमाल टाकला, चपला पायात घातल्या आणि रानाकडं निघून गेला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

झालं, म्हटलं, संपलं. आत जाऊन मी बॅग भरायला घेतली. साड्यांची घडी नीट होईना. साठीला आलेली बाई मी, आणि माझी आई आताच गेल्यासारखं मला वाटत होतं. दुपारची एसटी धरायची, पुण्याला जायचं, सहाव्या मजल्यावर जाऊन बसायचं, असं मनात पक्कं केलं. बॅग उचलून वळले तर वैनी उंबऱ्यावर बसलेली. वाट अडवूनच बसली होती म्हणा.

"आक्का," ती म्हणाली, "माझ्या सहीच्या आधी मी तुम्हाला फोन केलता. मुखेडवरून, माझ्या भावाच्या घरून. ध्यानात हाय?"

मला काहीच आठवेना. मी मान हलवली.

"मी इचारलं, सही करू का? तुम्ही म्हणालात, करून टाका वैनी. रान काय करायचं, माहेर टिकलं पाहिजे."

मी तसं म्हटलं असणार. त्या वर्षांत कितीतरी बायका मला हे विचारायच्या. सिस्टर शिकलेली, सिस्टरला कळतं. आणि मी इंजेक्शन देताना बोलते तसं बोलत असणार, चटकन, हातातलं काम चालू ठेवून. किती जणींना असं सांगितलं त्याचा आता पत्ता नाही. मी बॅग खाली ठेवली आणि विचारलं, मग टिकलं का माहेर?

"टिकलं की. पंचमीला जाते. भाऊ साडी घेतो, भावजय पुरण घालते. काय बी कमी न्हाई." तिनं पदरानं उंबरा पुसल्यासारखं केलं. "पर त्या घरात गेलं की कुठं बसावं ते कळत न्हाई मला. पाव्हणी म्हणून खुर्चीवर बसावं का घरची म्हणून खाली बसावं. दरसाली दारातच थोडा वेळ उभी ऱ्हाते."

मी तिच्याजवळ खाली बसले. चौतीस वर्षांत मी कुणाची माफी मागितली असेल तर डॉक्टरसाहेबांची, तीही त्यांच्या हुद्द्याची. त्या दिवशी मी वैनीला म्हटलं, मी चुकीचं सांगितलं तुम्हाला. मला माहीत नव्हतं आणि तरी सांगितलं. तिनं माझा हात धरला. तुम्ही बी तेच केलं होतं की, म्हणाली, जे केलं तेच सांगितलं. मग बॅग पायानंच आत ढकलली आणि नेहमीच्या आवाजात बोलायला लागली. ते रागावले नाहीत. राग आला की ते गोठ्यात जाऊन बसतात, रानात जात नाहीत. आणि कागदापुरते म्हणजे काय, मागायचंच आहे तर नीट मागा.

भाऊ उन्हं डोक्यावर आल्यावर परत आला. हातात दोरीचं भेंडोळं, धोतराला कुसळं चिकटलेली. चल, एवढंच म्हणाला. मी त्याच्यामागं रानात गेले. विहिरीच्या वरच्या अंगाला, गाडीवाटेला लागून, त्यानं चार कोपऱ्यांना चार खुंट्या ठोकल्या होत्या आणि दोरी ओढून ठेवली होती. आमच्या बाराचे आता सात एकर राहिलेत. त्यातला हा सगळ्यात चांगला तुकडा. बाबा ह्यात हरभरा घालायचे. मला वाटलं होतं, देईल तर खालचं मुरमाड रान देईल, आणि त्यातही मला काही वाटलं नसतं.

तो मला सांगायला लागला. खालच्या वावरात पावसाळ्यात पाणी थांबतंय, तिथं घर बांधू नको. दार उगवतीला ठेव. विहिरीवरून पाइप टाकू. मी मध्येच म्हटलं, अरे, मी कागदापुरतं म्हटलं होतं. त्यानं हातातली दोरी गुंडाळत विचारलं, कंधारला तुझं कोण हाय? मी म्हटलं, कुणी नाही.

"सही करताना तू हसत व्हतीस, आक्का. मला वाटलं, तुला नकोच हाय. मी एकदा तरी इचारायला पाहिजे व्हतं."

मला रडू आवरलं नाही, आणि मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही. बाबा गेले तेव्हासुद्धा मी अशी रडले नव्हते, तेव्हा मला भावाला धीर द्यायचा होता. तो थोडा वेळ रुमालानं तोंड पुसत उभा राहिला आणि मग मला औंदाच्या सोयाबीनवर कोणती अळी पडली ते सविस्तर सांगत बसला. मी सगळं ऐकून घेतलं. माझा भाऊ मला एवढा जवळचा कधीच वाटला नव्हता.

कंधारच्या म्हातारा-म्हातारीला मी स्वतः जाऊन सांगितलं. म्हाताऱ्याला वाईट वाटलं, पण तो म्हणाला, माहेरचं मिळालं तर कोण सोडील. म्हातारी मात्र फुरंगटून पाठ करून बसली. आखलेल्या खोल्यांचे दगड तसेच रानात पडले होते. माझा बीपी आता कोण बघंल, असं तिनं भिंतीला विचारलं. दर मंगळवारी एसटीनं यायचं मी कबूल केलं तेव्हा कुठं चहा मिळाला.

लोह्याला कागद करायच्या दिवशी वैनीही आमच्याबरोबर निघाली. ती कधी कचेरीत येत नाही. भाऊ म्हणाला, तुझं काय काम? ती म्हणाली, मी साक्षीला येते. ठेवणीतली साडी नेसून ती तिथल्या अर्जनवीसाच्या बाकावर एका कडेला बसली आणि आपल्या हातांकडं बघत राहिली. अर्जनवीसानं चतुःसीमा विचारल्या, भावानं सांगितल्या, सगळं टाइप झालं. तो कागद मी ह्या वेळेला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, दोनदा, आणि सगळ्यांना थांबायला लावलं. वाचून झाल्यावर मी पेन मागितला.

तेवढ्यात वैनी म्हणाली, "आनखी एक लिवा. वीस गुंठ्यांचाच."

अर्जनवीसानं विचारलं, कुणाच्या नावानं? ती म्हणाली, लेकीच्या. त्यांची लेक अहमदपूरला दिलेली आहे, तिला एक लहान पोरगी आहे. भाऊ वैनीकडं बघत राहिला. तिनं कधी मागितलं न्हाई, तो म्हणाला. वैनी म्हणाली, म्हणूनच. मग तो पोराचं म्हणायला लागला, पोराला विचारावं लागेल. त्याला मी सांगते, वैनी म्हणाली, त्याचं त्याला ऱ्हातंयच की.

मी एक अक्षर बोलले नाही. बोलायचा मोह फार झाला होता, पण हे मी सांगायचं नव्हतं. भाऊ टपरीच्या बाहेर जाऊन उभा राहिला. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, एक एसटी गेली. मला वाटलं, आता हा गोठा शोधणार. पण तो आत आला, बाकावर बसला आणि अर्जनवीसाला म्हणाला, दोन लिवा.

वैनीनं तिथूनच लेकीला फोन लावला. तिला फोन कानाला लावून बोलता येत नाही, स्पीकर लावूनच बोलते. आधार कार्ड घे आणि उद्या सकाळच्या एसटीनं लोह्याला ये, तुझ्या बाबाच्या रानाचा कागद हाय, असं तिनं सांगितलं.

"सही करायची का, आई?" लेक म्हणाली. "येते मी. कुठं म्हणशील तिथं करते. मला काय नको, बाबाला सांग."

वैनीनं तोंडाला पदर लावला. भावानं तिच्या हातातून फोन घेतला.

"सही करायची हाय," तो म्हणाला. "पर सोडायची न्हाई बाई. रान तुझ्या नावावर करायलोय."